लाळेतला माग

१९९२ साली लंडनच्या एका मेंदूपेढीतून शंभर मेंदूंचा हिशेब प्रसिद्ध झाला. ज्यांचे ते मेंदू, त्या शंभरही माणसांना हयातीत पार्किन्सनचं निदान झालेलं होतं, आणि तेही न्यूरॉलॉजीच्या तज्ज्ञांकडून. मृत्यूनंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली गेले तेव्हा ७६ जणांचंच निदान बरोबर निघालं. उरलेल्या चोवीस जणांपैकी कुणाला प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, कुणाला मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी, कुणाच्या मेंदूत अल्झायमरचे बदल, कुणाच्या रक्तवाहिन्यांत बिघाड. वरून पाहिलं तर सगळं सारखंच होतं: मंदावलेल्या हालचाली, ताठरलेले हातपाय, अडखळती चाल. आत आजार निराळे होते.

त्यानंतर निदानाचे निकष बरेच घासूनपुसून घेतले गेले. तरी २०१६ साली काही इटालियन संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली तेव्हा अचूकता ८० टक्क्यांच्या आसपासच भरली. यात डॉक्टरांना दोष देण्यासारखं काही नाही. मधुमेहात साखर मोजता येते, कावीळ झाली की बिलिरुबिन मोजता येतं. पार्किन्सनमध्ये डॉक्टर रुग्णाला दाराशी जाऊन परत यायला सांगतात, अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला सांगतात, मनगट वाकवून ताठरपणा अजमावतात, आणि गोळी सुरू केल्यावर फरक पडतो का ते पाहतात. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर शंभरात ऐंशी वेळा बरोबर येणं ही खरं तर कसबाचीच गोष्ट आहे.

याहून मोठी अडचण वेळेची आहे. हाताला कंप सुटतो तेव्हा मेंदूतल्या सब्स्टान्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामाइन तयार करणाऱ्या चेतापेशींचा मोठा हिस्सा आधीच मेलेला असतो. आजाराची सुरुवात त्याच्या कितीतरी वर्षं आधीची. माणसाला फोडणीचा वास येईनासा होतो, पोट साफ होत नाही, झोपेत तो हातपाय झाडतो, शेजारी झोपलेल्याला गुद्दे मारतो आणि सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. या टप्प्यावर आजाराची शरीरातली एखादी मोजता येण्याजोगी खूण सापडली, तर निदान दहा वर्षं मागे नेता येईल. अशा खुणेला बायोमार्कर म्हणतात. गेली पंचवीस वर्षं ती मेंदूभोवतालच्या द्रवात, रक्तात, त्वचेत, आतड्यात, नाकाच्या अस्तरात आणि लाळेत शोधली जात आहे.

लाळेचं नाव निघालं की पहिलं कारण सोयीचं सांगितलं जातं. सुई नको, दवाखान्यात आडवं पडणं नको, नळीत थुंकलं की झालं. मेंदूभोवतालचा द्रव तपासायला मणक्यातलं पाणी काढायचं म्हटलं की आपल्याकडे घरातली निम्मी माणसं नको म्हणतात, तेव्हा हे कारण लहान नाही. पण सोय हे शोधाचं कारण होऊ शकत नाही. घामही सोयीचा आहे, अश्रूही. लाळेकडे वळण्यामागे शरीररचनेतलं एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच खरं महत्त्वाचं.

लाळेचा आणि या आजाराचा संबंध पहिल्या नोंदीइतका जुना आहे. लंडनच्या हॉक्स्टन भागात दवाखाना चालवणाऱ्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली छोटा प्रबंध छापला, त्यात सहाच रुग्ण होते आणि त्यातले काही तर त्याने नुसते रस्त्यात पाहिलेले. आजार वाढलेल्या माणसाच्या तोंडातून लाळ गळते हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. लाळ घशाकडे ढकलली जात नाही म्हणून ती बाहेर येते, इतकं नेमकं निरीक्षण त्याने केलं होतं. पुढच्या काळात मात्र लाळ जास्त सुटते म्हणून गळते असा समज पसरला, आणि तो आजही बहुतेक घरांत आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात ज्यांना शुभंकर म्हणतात, त्या सांभाळणाऱ्या माणसांना खांद्यावरचा नॅपकिन आणि उशीचा ओला अभ्रा रोजचा असतो. त्यांना जास्तच लाळ दिसते यात नवल नाही. मोजून पाहिलं तर बऱ्याच रुग्णांची लाळ इतरांहून कमी भरते. आपण दिवसभर नकळत आवंढा गिळत असतो. पार्किन्सनमध्ये हे आपोआप गिळणं मंदावतं, तोंड थोडं उघडं राहतं, मान पुढे झुकते, आणि कमी असलेली लाळही ओठांवरून ओघळते. त्यावर लाळग्रंथीत बोट्युलिनम विषाची सूक्ष्म मात्रा टोचून ग्रंथीचं काम कमी करतात. दोष गिळण्यात, उपाय ग्रंथीवर; पण उपयोग होतो.

मग लाळ कमी का होते? इथून माग ग्रंथीपर्यंत जातो. मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ येते. तिच्यात ९९ टक्के पाणी असतं. ती मुख्यतः तीन जोड्यांमधून येते: कानाखालची (गालगुंड झालं की सुजते ती), जिभेखालची, आणि जबड्याखालची. काही खात नसताना तोंड ओलं ठेवण्याचं काम सगळ्यात जास्त जबड्याखालच्या जोडीकडे असतं. ग्रंथी स्वतःहून पाझरत नाहीत. ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या देठातून, निघालेल्या नसा त्यांना हुकूम देतात. आणि हाच ब्रेनस्टेम पार्किन्सनच्या पहिल्या मुक्कामांपैकी एक आहे.

हे कसं कळलं त्यासाठी १९९७ कडे जावं लागतं. दक्षिण इटलीतल्या कोंतुर्सी या गावातून अमेरिकेला गेलेल्या एका मोठ्या कुटुंबात पिढ्यान् पिढ्या पार्किन्सन होता. त्या वर्षी अमेरिकन संशोधकांना त्या कुटुंबाचा जनुकीय दोष सापडला. तो अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकात होता. हे १४० अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन चेतापेशींच्या टोकांशी असतं, तिथे रासायनिक निरोप भरलेल्या पिशव्यांच्या कामात त्याचा हात असतो. एका दुर्मीळ कुटुंबाचा दोष म्हणून ते बाजूला राहिलं असतं. पण त्याच वर्षी केंब्रिजमध्ये मारिया ग्राझिया स्पिलान्तिनी आणि मिशेल गोडर्ट यांच्या गटाने दाखवलं की सर्वसाधारण पार्किन्सनच्या मेंदूत दिसणारे गोळे याच प्रथिनाने भरलेले असतात. हे गोळे फ्रिडरिश लेवी या जर्मन डॉक्टरने १९१२ साली प्रथम वर्णन केले होते, म्हणून त्यांना लेवी बॉडी म्हणतात. पंच्याऐंशी वर्षं ते कशाचे बनलेत हे कुणाला माहीत नव्हतं. घडी चुकलेलं अल्फा-सिन्युक्लिन एकमेकाला चिकटून गोळे बनवतं, हे कळल्यावर संशोधकांच्या हाती शोधायला नेमकी वस्तू आली.

२००३ साली हायको ब्राक यांनी जर्मनीत बऱ्याच मेंदूंची तपासणी करून नकाशा मांडला. गोळे सुरुवातीला सब्स्टान्शिया नायग्रात नसतात. ते आधी वासाच्या केंद्रात आणि ब्रेनस्टेमच्या तळाशी, पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेच्या केंद्राशी दिसतात. मग वर सरकतात. वास जाणं आणि पोट बिघडणं कंपाच्या आधी का येतं याचा उलगडा या नकाशाने एकदम झाला. सगळ्याच रुग्णांना तो लागू पडत नाही. डेन्मार्कमधल्या ऑर्हुसचे पेर बोर्गहामर म्हणतात की काहींत आजार शरीराकडून मेंदूकडे जातो, काहींत मेंदूतच सुरू होतो. पण लाळेच्या दृष्टीने मुद्दा पक्का होता: ग्रंथीला हुकूम देणाऱ्या नसा आजाराच्या वाटेवरच आहेत.

त्याचा पुरावा अ‍ॅरिझोनातून आला. फिनिक्सजवळ सन सिटी नावाचं निवृत्तांचं शहर आहे आणि तिथल्या संशोधन संस्थेत देहदानाचा मोठा कार्यक्रम चालतो. मेंदूच नव्हे तर सगळं शरीर अभ्यासाला मिळत असल्यामुळे थॉमस बीच यांच्या गटाला २०१० साली शरीरभर फिरून पाहता आलं. मेंदू आणि मज्जारज्जू सोडल्यास बिघडलेलं सिन्युक्लिन सगळ्यात दाट कुठे होतं? अन्ननलिकेच्या खालच्या भागात आणि जबड्याखालच्या लाळग्रंथीत. त्याच वर्षी केली डेल ट्रेडिची आणि ब्राक यांनीही या ग्रंथीत ते दाखवलं. विशेष म्हणजे ज्यांना हयातीत पार्किन्सनची लक्षणं नव्हती, पण मेंदूत गोळे आढळले, अशांच्या ग्रंथीतही.

मग जिवंत माणसाच्या ग्रंथीचा तुकडाच का काढू नये? तसं केलं गेलं. २०१४ साली चार्ल्स अ‍ॅडलर यांनी १५ रुग्णांच्या जबड्याखाली सुई घालून नमुने घेतले. तिघांत पुरेसा ऊतीचा तुकडा मिळाला नाही. उरलेल्या बाराजणांपैकी नऊजणांत बिघडलेलं प्रथिन सापडलं. त्याच रुग्णांच्या ओठाच्या आतल्या बारीक लाळग्रंथी तपासल्या, तर पंधरांपैकी एकातच. म्हणजे जागा बरोबर हवी, आणि बरोबर जागी पोचायला मानेत सुई हवी. सुईने थोडी सूज, थोडा रक्तस्राव होतो. मग पुढचा विचार अगदी स्वाभाविक होता: ग्रंथी जे बाहेर सोडते तेच का तपासू नये?

सिएटलमधल्या जिंग झांग यांच्या गटाने २०११ मध्ये लाळेत अल्फा-सिन्युक्लिन असतं हे दाखवून त्याचं मोजमाप केलं होतं. रक्तापेक्षा लाळ बरी का, याचं त्यांच्याकडे चांगलं उत्तर होतं. रक्तातलं ९९ टक्क्यांहून जास्त अल्फा-सिन्युक्लिन तांबड्या पेशींत असतं. नमुना काढताना थोड्याशा तांबड्या पेशी फुटल्या की मेंदूकडून आलेलं जे काही असेल ते त्या पुरात वाहून जातं. लाळेत, हिरड्या ठणठणीत असतील तर, तांबड्या पेशी नसतात. सिएटलचा निष्कर्ष असा की आजार जसा वाढतो तसं लाळेतलं सिन्युक्लिन कमी होतं. डीजे-१ हे दुसरं प्रथिन वाढण्याकडे झुकतं. हे कमी होणं पहिल्यांदा वाचणाऱ्याला बुचकळ्यात टाकतं. ज्या प्रथिनाचे ढीग साचतात ते लाळेत कमी कसं? त्यावरचा तर्क असा की ते पेशींत गोळ्यांमध्ये अडकून पडतं आणि बाहेर कमी येतं.

पुढची काही वर्षं मात्र आकड्यांनी संशोधकांची चांगलीच दमछाक केली. २०१६ साली रोममधल्या संशोधकांनी ६० रुग्ण आणि ४० निरोगी माणसं तपासली. त्यांना एकूण सिन्युक्लिन कमी दिसलं, पण त्याच्या छोट्या गुठळ्या, म्हणजे ऑलिगोमर, वाढलेल्या दिसल्या. त्याच वर्षी चीनमधल्या मोठ्या अभ्यासात एकूण प्रमाणात फरकच दिसला नाही; गुठळ्या तिथेही जास्त होत्या. अमेरिकेतल्या एका अभ्यासात एकाच माणसाच्या मणक्यातलं पाणी, रक्त आणि लाळ एकत्र तपासली, तर लाळेतल्या आकड्याचा मणक्यातल्या आकड्याशी काही मेळ बसेना. दर प्रयोगशाळेची प्रतिपिंडं वेगळी, मोजण्याची रीत वेगळी, आणि मुख्य म्हणजे तोंड वेगळं.

या तोंडाबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण शोधनिबंधांत ते दोन ओळींत उरकतात आणि सगळी गोची तिथेच असते. लाळ सकाळी वेगळी, दुपारी वेगळी. जेवणाआधी वेगळी, काही चघळताना अगदीच वेगळी, कारण तेव्हा कानाखालच्या ग्रंथीची पातळ लाळ जास्त येते आणि आपल्याला हवी असते ती जबड्याखालची. म्हणून तासभर आधी खाणं, पिणं, दात घासणं बंद ठेवतात. कापसाचा बोळा तोंडात धरायला दिला तर प्रथिनं कापसालाच चिकटून बसतात. तेव्हा रुग्णाने मान खाली घालून तोंडातली लाळ आपोआप नळीत ओघळू द्यायची. नळी बर्फात. मग फिरवून पेशी आणि कचरा तळाशी बसवायचा, वरचं पाणी उणे ८० अंशांवर गोठवायचं. हिमोग्लोबिन तपासून रक्त मिसळलंय का ते पाहायचं. शिवाय पार्किन्सनचे काही रुग्ण कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी घेतात, तिने तोंड कोरडं पडतं आणि उरलेली लाळ दाट होते. दाट लाळेत प्रत्येक गोष्ट जास्त भरते. यातला एक टप्पा जरी प्रयोगशाळेगणिक बदलला तरी आकडा बदलतो.

आपल्याकडे ही तपासणी आली तर यात भर पडेल. खेड्यापाड्यांत अजून मिश्रीने दात घासणाऱ्या आज्या आहेत, तंबाखू-चुना आहे, पानसुपारी आहे. हिरड्यांतून रक्त येणं हे तर साठीनंतर इतकं सर्रास असतं की ते कुणी तक्रार म्हणूनही सांगत नाही. सिएटल किंवा रोमच्या लाळेवर बसवलेली मोजपट्टी इथे जशीच्या तशी चालेल असं गृहीत धरणं धोक्याचं. हे काम इथल्या लाळेवर इथेच करावं लागेल. १९८८ साली मुंबईच्या पारशी समाजात घरोघर जाऊन पार्किन्सनची गणना झाली होती आणि दर लाखामागे ३२८ रुग्ण आढळले होते; दारोदार फिरण्याची चिकाटी आपल्याकडे कमी नाही.

सिन्युक्लिनखेरीज लाळेत इतरही बऱ्याच गोष्टी तपासल्या गेल्या. माँट्रिऑलमध्ये हीम ऑक्सिजनेझ-१ हे ताणाखाली वाढणारं विकर, काही मायक्रोआरएनए, कॉर्टिसोल, रोममध्ये कॅफीनसुद्धा. कॅफीनची गंमत अशी की तेवढीच कॉफी पिऊनही पार्किन्सनच्या रुग्णांच्या रक्तात ते कमी आढळतं असं जपानी संशोधकांना आधी दिसलं होतं. मग लाळेत पाहिलं तर तिथेही कमी. यातलं प्रत्येक निरीक्षण छापण्यालायक आहे, पण एकट्याच्या बळावर निदान करण्याजोगं एकही नाही. यांची लांबलचक यादी करून ‘लाळेत पार्किन्सनचे वीस बायोमार्कर’ असं लिहिणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

खरं वळण आलं ते प्रश्न बदलल्यावर. सिन्युक्लिन किती आहे हे विचारण्याऐवजी ते कसं वागतं हे विचारलं गेलं. ही युक्ती प्रायॉनच्या अभ्यासातून आली. स्टॅनली प्रुझिनर यांनी १९८२ साली मांडलं की वाकडी घडी पडलेलं प्रथिन, म्हणजे प्रायॉन, शेजारच्या सरळ प्रथिनालाही वाकडं करू शकतं. १९९७ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पार्किन्सनमध्येही असं घडत असावं याचा चटका देणारा पुरावा २००८ मध्ये मिळाला. त्याआधी दहा-पंधरा वर्षं काही रुग्णांच्या मेंदूत गर्भातल्या कोवळ्या चेतापेशी रोवलेल्या होत्या. ते रुग्ण वारल्यावर पाहिलं, तर त्या कोवळ्या पेशींतही लेवी बॉडी तयार झालेल्या. पेशी तरुण, दुसऱ्याच्या, आणि तरी आजार त्यांच्यात शिरला होता.

म्हणजे शोधायचं ते या वाकड्या घडीचं बी. बी इतकं थोडं असतं की ते मोजता येत नाही. पण त्याला खाद्य दिलं तर ते स्वतःला दाखवून देतं. घरात विरजण लावणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. वाटीभर कोमट दुधात चमचाच्या टोकावर दही लागलं होतं की नाही, हे रात्री डोळ्यांनी कळत नाही. सकाळी दूध घट्ट झालेलं पाहिलं की कळतं. आरटी-क्विक नावाच्या चाचणीत दुधाच्या जागी जिवाणूंकडून बनवून घेतलेलं शुद्ध, सरळ सिन्युक्लिन असतं. खाचाखाचांच्या प्लास्टिकच्या ताटलीत ते घालतात, त्यात रुग्णाच्या नमुन्याचे काही थेंब सोडतात आणि थायोफ्लाविन टी हा रंग मिसळतात. हा रंग प्रथिनाचे तंतू बनले की उजळतो. ताटली गरम ठेवून तासन् तास अधूनमधून हलवत राहायचं, कारण हलवल्याने वाढणारे तंतू तुटतात आणि प्रत्येक तुकडा नवं बी होतो. यंत्र ठरावीक वेळाने प्रकाश मोजतं. नमुन्यात बी असेल तर आलेख बराच वेळ सपाट राहून एकाएकी वर चढतो. नसेल तर सपाटच.

इथे एक शंका येते आणि ती मनात ठेवण्यापेक्षा बोललेली बरी. लाळेत आजाराचं बी असेल तर रुग्णाचं उष्टं खाल्ल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने पार्किन्सन लागतो का? तो माणसाकडून माणसाला लागल्याचा कुठलाही पुरावा नाही. इतकी वर्षं एकत्र जेवणाऱ्या, एका खोलीत झोपणाऱ्या नवरा-बायकोंना तो एकमेकांकडून लागत नाही. ताटलीत शुद्ध प्रथिन, ऊब आणि सतत हलवणं असतं. तोंडात आणि पोटात प्रथिनं पचवणारी विकरं असतात. नातवाला आजोबांच्या ताटातला घास खुशाल खाऊ द्यावा.

चाचणी आधी मणक्यातल्या पाण्यावर पक्की झाली. २०२३ साली ११२३ जणांच्या मोठ्या अभ्यासात पार्किन्सनच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत बी सापडलं, आणि ज्यांचा वास गेला होता अशांत जवळजवळ सगळ्यांत. एलआरआरके-२ या जनुकाच्या दोषामुळे ज्यांना आजार झाला त्यांच्यात मात्र प्रमाण दोन तृतीयांशावर आलं. अशा काहींच्या मेंदूत लेवी बॉडी मुळातच नसतात. त्वचेच्या बारीक तुकड्यावर केलेली वेगळी तपासणी २०२४ साली ९२ टक्क्यांच्या पुढे गेली. या दोन्हींच्या तुलनेत लाळ मागे आहे. २०२२ साली चिनी संशोधकांनी ७५ रुग्णांची लाळ तपासली. ७६ टक्क्यांत बी सापडलं. ३६ निरोगी माणसांपैकी दोघांत ते चुकून दिसलं. पुढच्या वर्षी रोममधून, अजून एकही गोळी न घेतलेल्या ३७ नव्या रुग्णांवर, पकड सुमारे ८४ टक्के आली, पण निरोगी २३ जणांतले चौघे चुकीने अडकले. लाळेतली पचवणारी विकरं, चिकट म्युसिन आणि तोंडातले जिवाणू ताटलीतल्या प्रक्रियेत लुडबुड करतात. ते किती नि कसे काढायचे यावर अजून एकमत नाही.

चिनी अभ्यासात आणखी एक आकडा आहे आणि तो टक्केवारीच्या कौतुकात हरवून जातो. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफीच्या १८ रुग्णांपैकी ११ जणांच्या लाळेतही बी सापडलं. त्या आजारातही सिन्युक्लिनच बिघडतं, तेव्हा हे अपेक्षितच. पण डॉक्टरांना नेमका अडतो तो हाच प्रश्न: समोरच्या माणसाला पार्किन्सन आहे की त्याच्यासारखा दिसणारा, लवकर खाली नेणारा दुसरा आजार? प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सीत बिघडतं ते टाऊ हे वेगळं प्रथिन असतं, म्हणून तिथे लाळेची मदत व्हावी, इथे नाही. निरोगी माणसं आणि पक्के रुग्ण यांच्यात फरक करणं हा सोपा पेपर आहे. तो डॉक्टरांना डोळ्यांनीही सुटतो.

दुसरा घोटाळा तपासणी सरसकट सगळ्यांची करण्यात आहे. साठीपुढच्या हजार जणांची लाळ घेतली असं समजू. त्या वयात पार्किन्सन साधारण शंभरात एकाला असतो, म्हणजे हजारात दहाजणांना. चिनी आकडे धरले तर दहापैकी सात-आठ पकडले जातील. उरलेल्या ९९० जणांपैकी पंचावन्नांना ‘तुमच्यात खूण सापडली’ असं उगाच सांगितलं जाईल. म्हणजे ज्यांना वाईट बातमी मिळेल त्यांतल्या आठांपैकी सातांची ती खोटी असेल. आता तीच तपासणी झोपेत हातपाय झाडणाऱ्यांपुरती ठेवून पाहा. अशा १२८० जणांवर अनेक देशांत नजर ठेवली गेली तेव्हा बारा वर्षांत सुमारे ७४ टक्के जणांना पार्किन्सन किंवा त्याच्या जातकुळीतला आजार होईल असा हिशेब निघाला. अशा शंभरांत सत्तरांमध्ये आजाराचं बी असेल असं धरलं तर ५३ जण पकडले जातील आणि उरलेल्या तिसांतले जेमतेम दोघे चुकून अडकतील. चाचणी तीच, लाळ तीच. तपासायचं कुणाला एवढ्यानेच ती निरुपयोगीची उपयोगी होते. आरोग्य शिबिरात मधुमेह आणि रक्तदाबाबरोबर लाळेचीही नळी भरून घ्या, असं कुणी सुचवलं तर ती कल्पना वाईट आहे.

आणि खूण सापडलीच तर त्या माणसाला देणार काय? आजार रोखणारं औषध आज नाही. लेव्होडोपा डोपामाइनची उणीव भरून काढतं, पेशींचं मरणं थांबवत नाही. सिन्युक्लिनवर चालून जाणाऱ्या प्रतिपिंडांच्या दोन चाचण्या, प्रॅसिनेझुमॅब आणि सिनपॅनेमॅबच्या, निष्फळ ठरल्याचं २०२२ साली प्रसिद्ध झालं. त्या का पडल्या यावर बरीच कारणमीमांसा झाली. औषध फार उशिरा दिलं गेलं, हे त्यातलं एक कारण. म्हणून लाळेच्या तपासणीचं पहिलं गिऱ्हाईक मला दवाखान्यातला रुग्ण वाटत नाही. औषधाच्या चाचणीसाठी माणसं निवडणारा संशोधक वाटतो. त्याला अशी माणसं हवी आहेत ज्यांच्यात सिन्युक्लिन बिघडायला लागलंय पण हात अजून थरथरत नाही. मणक्यातल्या पाण्यावरच्या बीज-चाचणीचा या कामासाठी वापर व्हावा म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२४ मध्ये पाठिंब्याचं पत्रही दिलं. लाळ अजून त्या पायरीवर नाही. तिथे पोचायला एकाच माणसाच्या लाळेच्या नळ्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पाठवून सगळीकडून सारखं उत्तर येतं का ते पाहावं लागेल, आणि तपासलेल्या माणसांवर पुढे वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागेल.

निवड झाल्यावरही काम उरतं. औषध लागू पडतंय का हे पाहायला नमुना पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, आणि दर सहा महिन्यांनी पाठीत सुई घालून घ्यायला कुणी राजी होत नाही. घरी बसून नळी भरून द्यायला होईल. अडचण इतकीच की बीज-चाचणी ‘आहे’ आणि ‘नाही’ उत्तम सांगते. ‘किती’ विचारलं की अडखळते. रोमच्या त्या ३७ रुग्णांत चाचणीचा वेग आणि आजाराची तीव्रता यांचा संबंध दिसला. तो शेकडो रुग्णांत, वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या तोंडांत टिकतो का, हे तपासायचं आहे.